तळघराला कुलूप आणि वर धैर्याचे कौतुक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बॉम्बवर्षावातल्या सामान्य माणसांच्या जिजीविषेवर आलेला पानभर लेख वाचला. भाषा छान आहे, छायाचित्रही मोठे आहे. लंडन आहे, खारकीव आहे, गाझा आहे, आणि सगळीकडची माणसे मरणाच्या दारात गाणी म्हणताहेत, पोरांना शिकवताहेत, राखेतून उठताहेत. लेखकमहाशय स्वतः कितव्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या जिन्यात दिवा लागतो का, एवढेच तेवढे लेखात नाही.

लंडनकर भुयारी रेल्वेच्या फलाटांवर हसतखेळत झोपत, असे ते लिहितात. झोपत, कबूल. पण सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा ती स्थानके आसऱ्यासाठी वापरायला तिथल्या सरकारची मनाई होती, हे का गाळले? लोकांनी साधी तिकिटे काढली, खाली उतरले आणि वर यायलाच तयार होईनात. मग सरकार नमले. झोपायच्या फळ्या, संडास, चहा हे सगळे त्यानंतरचे. आणि लंडनमधल्याच बेथनल ग्रीन स्थानकाचे काय? ३ मार्च १९४३ ची रात्र. भोंगा वाजला, माणसे स्थानकाच्या जिन्याने उतरू लागली, जवळच्या बागेतून त्यांच्याच तोफखान्याच्या नव्या अग्निबाणांचा आवाज झाला, रेटारेटी झाली, पायऱ्यांवर एक बाई अडखळली आणि १७३ माणसे एकमेकांखाली गुदमरून मेली. त्यात ६२ मुले. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता! जिन्याला मधे कठडा नव्हता, दिवा एकच आणि तोही मिणमिणता. प्रवेशाची जागा सुधारण्याची परवानगी तिथल्या पालिकेने आधीच मागितली होती, ती वरून नाकारली गेली. कठडे बसले ते माणसे मेल्यावर. या १७३ जणांची जिजीविषा कमी पडली, असे आपल्या लेखकांना म्हणायचे आहे काय?

मला हे सुचण्याचे कारण आमचे बेसमेंट. बडोद्यात मांजलपूरला आमच्या इमारतीखाली चांगले ऐसपैस तळघर आहे. नकाशात ते पार्किंग आहे. प्रत्यक्षात बिल्डरने ते एका टाइल्सवाल्याला गोडाऊन म्हणून दिले आहे आणि त्याच्या शटरला कुलूप आहे. आत उतरायला एकच जिना, त्यावर कुणाची तरी जुनी कूलरची टाकी आणि गाद्या. गेल्या वर्षी, म्हणजे ७ मे २०२५ रोजी, देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली तेव्हा बडोद्यातही रात्री दिवे घालवले होते. आमच्या गल्लीत भोंगा ऐकू आला नाही, पोरे मोबाइलचे टॉर्च लावून गच्चीवर व्हिडिओ काढत होती. दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना म्हटले, अहो, निदान जिना तरी मोकळा करून घ्या. ते हसून म्हणाले, "काका, आपणे त्यां कोण बॉम्ब नाखवानुं?" (आपल्याकडे कोण बॉम्ब टाकणार?) बरोबर आहे. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी शत्रूने दिवाळीच्या रोषणाईसाठी राखून ठेवली असणार. मी लेखी अर्ज दिला, त्याची पोचसुद्धा मिळाली नाही. पुढच्या सभेत गणपतीच्या वर्गणीवर दोन तास चर्चा झाली. (वर्गणी मी दिली, हे नोंदवून ठेवतो.)

माझी मावशी १९७१ मध्ये जामनगरला होती. काका रेल्वेत. डिसेंबरात विमाने आली तेव्हा ती दोन पोरांना घेऊन घरात एकटीच होती. चाळीच्या आवारात आधीच एक नागमोडी खंदक खणून ठेवला होता, पण लोकांनी त्यात उष्टेखरकटे टाकून उकिरडा केला होता आणि त्यात एक कुत्री व्यायली होती. पहिल्या रात्री भोंगा झाला तेव्हा त्यात कुणीही उतरले नाही. सगळे जिन्याखाली एकमेकांवर पडून राहिले, खिडक्या हादरत होत्या. सकाळी मावशीने पदर खोचला, घमेले घेतले आणि मालकाच्या दारात जाऊन उभी राहिली. "बॉम्बचं नंतर बघू, आधी ती कुत्री आणि तुमचा कचरा हलवा." मालक म्हणाला, माणसे पाठवतो. माणसे आली नाहीत. शेवटी ती आणि शेजारची एक कच्छी बाई अशा दोघींनी खंदक साफ केला, तळाला वाळू पसरली, उतरायला फळी लावली. पिल्ले टोपलीत घालून न्हाणीघरात ठेवली. पुढच्या रात्री चाळ खंदकात गेली. मालकही. आणि सर्वांत आधी तोच उतरला, हे ती बडोद्याला आली की दरवेळी सांगायची. जिजीविषेबद्दल बोलल्याचे मला आठवत नाही. मालकाबद्दल मात्र ती शेवटपर्यंत बोलत राहिली.

लेखात भूजचाही उल्लेख आहे. त्याच युद्धात तिथल्या विमानतळाची धावपट्टी शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत दुरुस्त केली. अभिमान आहेच, शिवाय तळाचे प्रमुख आपले विजय कर्णिक. पण नुसते धैर्य नव्हते हो तिथे. भोंगा झाला की कुठल्या झुडपात लपायचे ते ठरलेले होते, झाडीत दिसू नयेत म्हणून हिरवट साड्या नेसायला सांगितले होते. कुणीतरी आधी विचार केला होता! त्यावर आपल्या लेखकांना एक वाक्य सुचले नाही. राखेतून उठण्यावर मात्र तीन परिच्छेद.

माझे म्हणणे एवढेच की, असे लेख छापायचे तर शेजारी आपल्या शहरात किती तळघरे मोकळी आहेत आणि किती भोंगे वाजतात, हेही छापा. महापालिकेला विचारायला आपल्याकडे बातमीदार आहेत. मला तिथे खिडकीवरूनच परत पाठवतात.

कळावे,
एक जुना वर्गणीदार,
मांजलपूर, बडोदे

ता. क. : ही पुरवणी मला सोमवारी दुपारी मिळाली, तीही शब्दकोड्याचे पान नसलेली. बडोद्याच्या वाचकांकडून वर्षाचे पैसे आगाऊ घेताना आपल्या वितरण विभागाला असा उशीर होत नाही. मागच्या महिन्यातली दोन पत्रेही अनुत्तरित आहेत, त्यांचे काय झाले ते कळवावे.