पाचातल्या तीन पायऱ्या

भायली, बडोदा

प्रिय मध्या,

तुझा मेसेज आला, "बिल्डरचा माणूस माझ्यापर्यंत पोचलाय, रेट चांगला सांगतोय, विकू का," आणि मी तीन दिवस उत्तरच दिलं नाही. राग नको मानू. फोनवर हो किंवा नाही म्हणून उरकायची ही गोष्ट नाही रे, तुझ्या बाबांनी आणि माझ्या बाबांनी 1988 साली शेजारी शेजारी बांधलेली घरं ती, म्हणून बसून लिहितोय. लांबेल, पण पूर्ण वाच.

आधी इथे काय चाललंय ते सांगतो. आपल्या सोसायटीच्या मागे पटेलकाकांचं शेत होतं ना, एरंडी आणि कपाशी लावायचे, ते आता राहिलं नाही. दिवाळीनंतर सगळीकडून निळे पत्रे मारले, तीन टॉवर येतायत, चौदा मजली, चार बीएचकेचे फ्लॅट आणि वर पेंटहाऊस, क्लब हाऊस, स्विमिंग पूल, सगळं. सँपल फ्लॅट तयार आहे, मी आणि ही दोघं जाऊन बघून आलो. सुंदर आहे, खरंच. एवढी मोठी बाल्कनी की आपण लहानपणी दांडिया बाजारच्या वाड्यात जेवढ्या जागेत सात जणं झोपायचो तेवढी असेल.

काकांबद्दल माझ्या मनात काही नाही. टीपी, म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीम, पडली तेव्हा त्यांचा जीव किती खालीवर झाला होता ते मी बघितलंय. तुला माहीत असेल, गुजरातचा 1976 चा टाऊन प्लॅनिंगचा कायदा आहे त्यात जमीन विकत घेऊन मोकळे होत नाहीत, सगळ्यांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र मांडतात, रस्ते, बाग, शाळा यासाठी 40 टक्क्यांपर्यंत कापतात आणि उरलेला सरळ चौकोनी फायनल प्लॉट मालकाला परत देतात. काकांना काही वर्षं कळतच नव्हतं की आपलं शेत नक्की कुठे आहे, जिथे विहीर होती तिथून आता रस्ता जातो. त्यात मुलं दोन्ही कॅनडात. मग शेती कोणी करायची? त्यांनी जे केलं ते मीही केलं असतं.

आणि मी या टॉवरच्या विरोधात आहे असं अजिबात समजू नको. सोसायटीत दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते काही येऊ देऊ नका, दुसरी म्हणते गप्प बसा भाव वाढतायत, आणि मी दोन्हीकडे बसू शकत नाही. मला हवंय हे काहीतरी इथे. 2020 मध्ये भायली, सेवासी, बिल वगैरे गावं कॉर्पोरेशनमध्ये घेतली, तेव्हापासून आपण शहराचे झालो, वेरा, म्हणजे घरपट्टी, लगेच सुरू झाला, पण मही नदीचं पाणी यायला किती वाट बघितली, तोवर तेच बोअरचं पाणी, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदला. मोठी वस्ती आली की ड्रेनेजची लाइन, दिवे, बस यासाठी ओरडणारी माणसं वाढतात, आणि त्यांचं ऐकलं जातं, हे मी वासणा रोडला बघितलंय. आईच्या शेवटच्या दिवसांत रात्री दोन वाजता मला रिक्षा मिळाली नव्हती, औषधाचं दुकान उघडं नव्हतं, ती रात्र मी विसरणार नाही. आता कोपऱ्यावर चोवीस तासांचं मेडिकल आलंय. हे या नव्या वस्तीमुळेच आलं ना?

लेक बंगलोरहून विचारते, बाबा तिकडे आता चांगलं झालंय म्हणे, आम्ही येऊ का परत. तिने हे विचारलं की मी दिवसभर खुश असतो. तिला आपल्या जुन्या घरात राहायचं नसेल पण शेजारच्या टॉवरमध्ये राहीलही, आणि नात संध्याकाळी चालत आजीकडे येईल, एवढंच मी स्वप्न बघतो. गणपतीत आपल्या गल्लीत आरतीला आता दहा-बारा माणसं असतात, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. तिथली पोरं आली तर ढोल कोणीतरी धरेल.

टीपीमध्ये एक प्लॉट सार्वजनिक कामासाठी ठेवलाय, आत्ता तिथे नुसती बाभळीची झुडपं आहेत. माझ्या मनात आहे की तिथे वाचनालय व्हावं. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी या शहरात सेंट्रल लायब्ररी काढली, मांडवीच्या तिथे आपण दोघं काचेच्या फरशीवरून चालायचो, खालचा माणूस अंधुक दिसायचा आणि तू मला ढकलायचास. तसं इथे काही होणार नाही, पण दोन खोल्या, पेपर, पोरांना अभ्यासाला जागा. नव्या लोकांबरोबर मिळून मागितलं तर मिळेल असं मला वाटतं, एकट्या आपल्या चोवीस घरांचं कोण ऐकणार.

भाववाढ, जंत्री म्हणजे जमिनीचे सरकारी दर, कामवाल्या बायकांचे रेट, गच्चीवर पापड वाळत घातले की चौदाव्या मजल्यावरून दिसणार, हे सगळं बोलणं रोज होतं, त्यात मला फार रस नाही. पश्चिमेचं ऊन अडेल, बरंच आहे.

पण पाणी. मध्या, माझी झोप पाण्याने उडालीये.

आपल्या घरांना किती पायऱ्या होत्या आठवतं? पाच. माझे बाबा म्हणायचे, लोक हसले तरी चालतील पण जोतं उंच घ्यायचं, आणि तुझे बाबा म्हणायचे खर्च वाढतो, आणि शेवटी दोघांनी सारखंच उंच घेतलं. आज माझ्या दारात तीन पायऱ्या आहेत. घर खचलं नाही रे, रस्ता वर आला. दर काही वर्षांनी जुनं न खरवडता त्याच्यावरच नवा डांबराचा थर, की झाला रस्ता. दोन पायऱ्या डांबराच्या खाली गेल्या आणि आपल्यापैकी कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता त्या शेतात भराव चाललाय, इथे पुराण म्हणतात, रात्रभर डंपर येतात. पावसाळ्यात त्या शेतात पाणी चार-चार दिवस उभं राहायचं, बगळे यायचे, आपण म्हणायचो शेत बुडालं. आता कळतंय की ते आपल्या वाटचं पाणी धरून ठेवायचं. पटेलकाका मागच्या महिन्यात आले होते, पत्र्याच्या फटीतून बघत उभे राहिले आणि आपल्या गल्लीकडे हात करून म्हणाले, "आ तो नीचाण छे भाई, पाणी अहीं ज आवशे." म्हणजे हा सखल भाग आहे, पाणी इथेच येणार. पन्नास वर्षं त्या जमिनीवर पाणी कुठून कुठे जातं ते बघितलेला माणूस आहे तो.

तू 2019 ला पण नव्हतास आणि 2024 ला पण. 2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात 20 इंचाच्या आसपास पाऊस पडला. 2024 मध्ये जन्माष्टमीच्या त्या दिवसांत तर विश्वामित्री नदी काळा घोड्याच्या पुलाला 35 फुटांच्या वर गेली, पंचवीस-सव्वीस फुटांनाच इथे लोकांचा श्वास अडकतो. अख्खं शहर रात्रभर दोनच आकडे विचारत होतं, आजवा धरण किती आणि काळा घोडा किती. आजव्याच्या 62 दरवाज्यांवरून पाणी पडायला लागलं की ते सूर्या आणि विश्वामित्रीतून आपल्याकडेच येणार हे लहान पोराला पण माहीत. माझी मेहुणी समाला राहते, तिच्या घरात छातीइतकं पाणी, तीन दिवस वरच्या शेजाऱ्यांकडे होते, आणि पाणी उतरल्यावर गल्लीत मगर. विश्वामित्रीत शेकडो आहेत त्या, पुराबरोबर बाहेर येतात, त्यांचा काय दोष.

आपल्याकडे नदी लांब आहे असं सगळे म्हणतात. नदी लांब आहे पण कांस, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा नाला, जवळ आहे ना. भूखी, मसिया, रूपारेल या मोठ्या कांसांची नावं पेपरात येतात, तशा बिननावाच्या किती तरी छोट्या आहेत, शेतांच्या कडेने जाणाऱ्या. नदी भरली की कांसचं पाणी आत शिरत नाही, उलटं मागे फुगतं. 2024 ला माझ्याकडे पाणी दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलं. मी रात्रभर टॉर्च घेऊन तिसऱ्या पायरीवर बसलो होतो. हिने बाबांचे फोटो, पेटी आणि तांदळाचा डबा माळ्यावर ठेवला होता. सकाळी पाच वाजता उतरायला लागलं.

म्हणून या वेळी मी नुसता काळजी करत नाही बसलो. गल्लीतल्या मिस्त्रीला घेतलं, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, माझ्या ओट्यापासून पत्र्यांच्या पलीकडच्या भरावापर्यंत. भराव आत्ताच माझ्या ओट्याच्या उंचीला आलाय, आणि अजून काम संपलेलं नाही. त्यांचा साइट इंजिनिअर पंचविशीतला मुलगा आहे, सांगलीकडचा निघाला, मराठीत बोलायला लागल्यावर मोकळा झाला. म्हणाला काका आमचं डिझाइन नियमात आहे, आमच्या प्लॉटचं पाणी आम्ही नेऊ. आणि मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर जाऊन मी मंजूर प्लॅन पण उतरवून घेतला, सगळं आहे त्यात. पण त्यांच्या प्लॉटमध्ये आमच्या गल्लीतून पूर्वी जे पाणी उतरायचं ते आता कुठे जाणार, हे कोणाच्याच प्लॅनमध्ये नाही, कारण आमची गल्ली त्यांच्या प्लॅनच्या रेषेबाहेर आहे.

आणि जे लोक तिथे कोट्यवधी रुपये घालून येतील ना, त्यांच्यासाठीसुद्धा जीव तुटतो माझा. 2024 ला शहरात किती भारी बिल्डिंगांची बेसमेंट भरली, गाड्या बुडाल्या, मोटर बुडाली म्हणून लिफ्ट बंद आणि वर पाणी नाही, म्हातारी माणसं दहाव्या मजल्यावर अडकलेली. भराव टाकून वर बसलं तरी बेसमेंट खालीच असतं. 2025 ला नदी खोल-रुंद करायचं मोठं काम झालं, गाळ काढला, त्याचा उपयोग होईलच, पण नदीपर्यंत पाणी पोचायला वाट तर हवी.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो, आणि यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो, नाहीतर तुला वाटेल मित्र म्हणून सल्ला देतोय आणि मनात वेगळंच आहे.

तुझं घर टोकाचं. आता शेताकडची वाट बंद झाली, त्यामुळे आपल्या अख्ख्या गल्लीचं पाणी एकाच जागेतून कांसकडे उतरतं, तुझ्या मागच्या अंगणातून. शेवग्याच्या झाडाच्या पलीकडची ती सहा फुटांची पट्टी. बिल्डरला तुझा प्लॉट एवढ्या भावाने का हवाय ते आता कळलं का? त्याला तिथून दुसरं गेट काढायचंय असं ऐकतोय. तो घेईल, भराव टाकेल, भिंत घालेल, सगळं त्याच्या हक्कात. आणि मग आपली गल्ली ताटलीसारखी होती ती वाटी होईल.

मी तुला विकू नको असं म्हणू शकत नाही. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, धाकट्याची फी, मला सगळं माहीत आहे. नाशिकहून येऊन तू इथे राहणार नाहीस हेही मला कळतं, दहा वर्षं मी तुझ्या घराच्या खिडक्या उघडतोय आणि दर वेळी मनात म्हणतो येईल, पण नाही येणार तू. विकलंस तरी माझ्या मनात काही राहणार नाही, हे शप्पथ सांगतो.

फक्त एक कर. सही करायच्या आधी दस्तात एक अट घालून घे, की मागची सहा फुटांची पट्टी पाण्यासाठी कायम मोकळी राहील, भराव नाही, भिंत नाही, खाली पाइप टाकायचा तर सोसायटीला विचारून किती मोठा ते ठरवायचं. याला इझमेंट म्हणतात, मी वकिलांना विचारलं, विकताना असा हक्क राखून ठेवता येतो आणि रजिस्टर दस्तात नीट लिहिला तर पुढच्या मालकालाही लागू होतो. कदाचित भाव थोडा उतरेल. किती उतरेल ते मला सांग, आम्ही गल्लीतली घरं मिळून काय करू शकतो ते बघू, मी दोघा-तिघांशी बोललोय आणि ते तयार आहेत. तुझं नुकसान करून मला माझ्या पायऱ्या वाचवायच्या नाहीत.

आणि तू आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालवे बांधलेस, तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. सोसायटीतर्फे कॉर्पोरेशनला एक अर्ज लिहिलाय, कांसवरचं नळकांडं काढून मोठा बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे चौकोनी मोरी, घाला आणि रस्ता पुढच्या वेळी खरवडून मगच करा, या दोन मागण्या. बिल्डरलाही कॉपी देणार आहे, भांडण म्हणून नाही, तो इंजिनिअर मुलगा म्हणाला द्या काका, मी साहेबांसमोर ठेवतो. पण कल्व्हर्ट केवढा मागायचा ते आम्हाला कळत नाही. आकडा चुकला तर एका मिनिटात अर्ज बाजूला पडेल. मिस्त्रीने काढलेली मापं, कांसची रुंदी तीन ठिकाणी, सगळं कागदावर काढून फोटो पाठवतोय, बघून हिशोब करून दे.

जमलं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ये, पाऊस लागायच्या आत. बिल्डरच्या माणसालाही तेव्हाच बोलावू, तुझ्या अंगणात उभं राहून बोलू. तुझी किल्ली माझ्याकडेच आहे, घर झाडून ठेवतो, पंखा मागच्या आठवड्यात दुरुस्त करून घेतलाय. शेवगा यंदा खूप लागलाय, हिने शेंगा सगळ्या गल्लीत वाटल्या, तरी उरल्या.

तुझा,
अव्या