क्रेनच्या पेटंटची बातमी देताना क्लेम पण छापा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्याला पेटंट मिळालं की पेपरात बातमी येते, मशीनचा फोटो येतो, सत्काराचा पण येतो, पण पेटंट नेमकं कशावर मिळालं ते कुठेच नसतं, आणि मी होइस्टच्याच, म्हणजे वजन उचलायच्या मशीनच्या, धंद्यात असल्याने हे फार खटकतं. कारण हक्क फोटोतल्या मशीनवर नसतो, क्लेममधे, म्हणजे पेटंटच्या शेवटी हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या वाक्यांत, जे लिहिलंय तेवढ्यावरच असतो, १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० वाचा, तिथे क्लेमनेच हद्द ठरते.

क्रेनवाल्यांनी मॅनिटोवॉक विरुद्ध सानी ही दोन क्रेन कंपन्यांची अमेरिकेतली केस जरूर बघावी. सानीचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे आणि मॅनिटोवॉकने पण पुण्यात टॉवर क्रेनचा प्लांट काढला होता, म्हणजे नावं आपल्याला नवी नाहीत. २०१३ मधे मॅनिटोवॉक तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे गेली, विषय क्रॉलर क्रेनचं (रणगाड्यासारख्या ट्रॅकवर चालणाऱ्या क्रेनचं) मागेपुढे सरकणारं काउंटरवेट, म्हणजे लोडचा तोल सांभाळणारं मागचं वजन. क्लेममधे अट अशी की लोड उचलताना, नेताना, ठेवताना काउंटरवेटला जमिनीचा आधार कधीच नसेल, खालच्या ट्रॅकमधून जो अप्रत्यक्षपणे मिळतो तेवढा सोडून. आता हे 'सोडून'वाले शेवटचे शब्द काढून बघा. क्रेनचं सगळं वजन ट्रॅकवरून शेवटी जमिनीवरच येतं, मग समोरच्याने म्हटलं असतं की तुमची स्वतःची क्रेनच तुमच्या क्लेममधे बसत नाही! ज्याने ते शब्द घातले त्याला क्रेन कळत होती. २०१५ ला आयोगाने पेटंट आणि ट्रेड सिक्रेट (धंद्यातली गुपितं) दोन्ही मुद्द्यांवर सानीविरुद्ध निकाल दिला, आयातबंदी लावली.

आणि कोर्ट नुसतं डिक्शनरी उघडून बसतं असंही नाही. ब्रिटनमधे कॅटनिकची केस झाली, स्टीलच्या लिंटेलची (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईची), क्लेममधे मागची प्लेट 'उभी' म्हटलेली आणि दुसऱ्या कंपनीने ती ६ ते ८ अंश तिरकी केली, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ते उल्लंघनच धरलं कारण एवढ्या तिरकेपणाने प्लेटच्या कामात फरक पडत नव्हता. आपल्याकडे पण दिल्ली हायकोर्टाने रोश-सिप्ला या औषध कंपन्यांच्या केसमधे २०१५ ला क्लेम हा स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे पेटंटमधल्या सविस्तर वर्णनाच्या, संदर्भात वाचायचा असंच धरलंय.

म्हणून छोट्या कारखानदारांना कळकळीने सांगणं आहे, पेटंटच्या फी मधे सवलत आहे म्हणून घाईने फाइल करू नका. तुमच्या क्लेममधे 'फिक्स्ड' लिहिलंय ते वेल्डिंग का बोल्ट पण चालतो, 'लिफ्टिंग मेंबर' म्हणजे फक्त वायर रोप का चेन आणि बेल्ट स्लिंग पण, हुक ब्लॉक म्हटलं की त्यात शिव्हज (दोराच्या कप्प्या) धरायच्या का नाही, हे स्पेसिफिकेशनमधे सरळ लिहून टाका आणि सही करायच्या आधी तुमच्या फिटरला वाचून दाखवा, पेटंट एजंटला ड्रॉइंग कळतं पण शॉपफ्लोरवर काय बदलून चालतं ते फिटरलाच माहीत असतं. एकदा फाइल झाल्यावर त्याच कायद्याच्या कलम ५९ मुळे क्लेम मोठा करता येत नाही, बारीकच करता येतो.

तुम्ही पण पुढच्या बातमीत पहिला क्लेम मराठीत छापा, चार ओळी जास्त लागतील.

आपला,
होइस्ट बनवणारा एक वाचक, भोसरी