डबा घेऊनच डॉक्टरांकडे जाऊ

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर गोळ्यांचं काढलं की बाबा, "डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" म्हणता आणि विषय बारगळतो. म्हणून लिहायला बसले.

रविवारी मी तो श्रीखंडाचा डबा टेबलावर उपडा केला. बाबांच्या रोजच्या अकरा गोळ्या. ॲसिडिटीच्या दोन स्ट्रिपा, नावं वेगळी, आत दोन्हींत पँटोप्राझोलच! एक बीपीच्या डॉक्टरांची, एक हाडांच्या. दोघांनाही दुसऱ्याची माहिती नाही.

मग फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावले. मार्चमध्ये बीपीची गोळी, अम्लोडिपिन, पाचची दहा मिलिग्रॅम झाली. एप्रिलमध्ये पाय सुजले. या गोळीने सूज येते, डोस वाढला की जास्तच. पण आपण गेलो दुसऱ्या डॉक्टरांकडे आणि गोळी वाढल्याचं बोललोच नाही. त्यांनी लघवीची गोळी दिली. ती तुम्ही रात्री जेवणानंतर घेत होतात, म्हणजे रात्रभर उठबस. झोप होत नाही म्हणून झोपेची गोळी आली. जूनमध्ये पहाटे बाथरूमच्या उंबऱ्यात पडलात, आणि आम्ही सगळे ओल्या लादीला बोल लावत बसलो. ते कागद बघताना माझे हात गार पडले, बाबा.

मला डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. औषध लिहून दिल्यावर घरी पुढे काय झालं, ते त्यांच्या कानावर जातच नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये याचाच एक प्रयोग झाला, २०१८ साली तो छापून आला. पासष्टी ओलांडलेल्यांना त्रासदायक ठरणारी झोपेच्या गोळीसारखी औषधं त्यात होती. फार्मासिस्टने पेशंटला माहितीपत्रक दिलं आणि डॉक्टरांना पत्र धाडलं, की ही गोळी का नको आणि तिच्याऐवजी काय देता येईल. सहा महिन्यांत ४३ टक्के लोकांची ती गोळी सुटली. ज्यांच्यासाठी असं काही केलं नव्हतं, त्यांच्यात १२ टक्के.

आपल्या डॉक्टरांना असं पत्र कोण पाठवणार? आपणच. तारखांसकट एक पानभर मी लिहून ठेवलंय. आई, तू कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतेस ना, त्याच चौकोनात बाबा रात्री किती वेळा उठले आणि चक्कर आली का, तेवढं टाक. बीपीचा आकडाही.

बाबा, यातली एकही गोळी मनाने बंद करू नका. झोपेची तर मुळीच नाही. ती एकदम सोडली तर त्रास होतो, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी लागते.

शनिवारी सकाळी नेरुळहून ट्रान्स-हार्बरने येते, दहापर्यंत नौपाड्यात पोचेन. डबा आहे तसा ठेवा, अर्ध्या तोडलेल्या गोळ्यांसकट. आईच्या गुडघ्याचं चूर्ण आणि सर्दीच्या गोळ्यासुद्धा त्यातच टाका.

आणि डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की "मजेत" म्हणू नका, बाबा. पडल्याचं त्यांना अजून माहीत नाही.

तुमची,
ताई