पालकमंत्र्यांना खुलं पत्र: कोनशिला पोचली, पत्रे कधी पोचणार?

मा. पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात, ऐन श्रावणात, आमच्या जुव्यावर एक चिता दोनदा विझली. ती रचली होती तिथून वीस पावलांवर आपल्या हस्ते बसवलेली कोनशिला आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, 'स्मशानशेड बांधकामाचा भूमिपूजन समारंभ'. आपलं नाव सगळ्यांत वर, मोठ्या टायपात. त्या दिवशी कोनशिलेवरून पाणी निथळत होतं आणि चितेवरूनही.

गेलेल्या माणसाचं नाव लिहीत नाही. जुव्याचंही लिहीत नाही. नाव लिहिलं की ग्रामपंचायतीला खुलाशाची नोटीस येते, शेड येत नाही. कोकणात खाडीतल्या बेटाला जुवा म्हणतात. राजापूरकडे जैतापूरच्या खाडीत आहे, मालवण तालुक्यात आहेत. कुठलाही समजावा.

पावसात चिता विझली यात नवल ते काय, असं आपल्याला वाटेल. नवल नाहीच. का विझते ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी आपल्याला भाषणात वापरता येईल. उघड्यावर एका देहाला कोरडी लाकडं साडेतीनशे-चारशे किलो लागतात, जुन्या हिशेबात दहा मण. पावसाळ्यात आदल्या दिवशी तोडलेला आंबा मिळतो. त्याच्या वजनात निम्मं पाणीच. ते उकळून जाईपर्यंत लाकूड पेट घेत नाही, नुसतं धुमसतं. मग होडीच्या टाकीतलं डिझेल ओतायचं, कारण रेशनचं रॉकेल कधीच बंद झालं. डिझेलचा भडका उडतो, वरची साल करपते, आतला ओंडका थंडच. खालचा थर भिजल्या मातीवर टेकलेला, त्यामुळे खालून वारा नाही. तासाभराने एका अंगाचे ओंडके खचतात आणि चिता कलते. त्यानंतर लांब बांबू घेऊन दोघा-चौघांना जे करावं लागतं ते सार्वजनिक पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाणाऱ्याला ते कळतंच. त्या घराला पुढे आयुष्यभर गेलेल्या माणसाची आठवण म्हणून तेच दिसत राहतं, भिंतीवरच्या फोटोतला चेहरा नाही.

याला लागतं ते फार नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच लोखंडी सांगाडा, खालून हवा खेळेल असा. दोन्ही अंगांना ओंडके अडवणारे उभे गज. एवढ्याने लाकूड निम्म्यावर येतं, दीडशे-दोनशे किलोत भागतं. वर पत्र्याचं छप्पर, पंधरा-सोळा फुटांच्या खाली नको, नाहीतर ज्वाळेने पत्रा तापून वाकतो. माथ्यावर धूर जायला फट. नैऋत्येच्या अंगाला अर्ध्यावर भिंत, कारण आमच्याकडे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. तळाला काँक्रीट अजिबात नको, धगीने त्याचे पापुद्रे उडतात. जांभा घाला, तो टिकतो. पत्रा नुसता खिळ्यांनी मारलात तर खारं वारं तीन-चार पावसाळ्यांत भोकं पाडतं आणि वादळात पत्रा खाडीत जातो. जे-हूक हवेत, डांबरी वायसरसकट. आणि शेजारी लाकडांसाठी एक बंदिस्त खोपटी, दोन चितांचं लाकूड मिरगाच्या आधी रचून ठेवता येईल एवढी. हे सगळं आम्ही उपअभियंत्यांना कागदावर आकृती काढून दिलं होतं. कागद आवक-जावकमध्ये असेल.

जनसुविधा योजनेतून दहनभूमीला पैसे मिळतात हे आम्हाला ठाऊक आहे. मंजुरीही झाली होती. अडलं कुठे? अंदाजपत्रक जिल्हा दरसूचीवरून केलं. त्या दरसूचीत ट्रक आहे, होडी नाही. सिमेंटची गोणी ५० किलोची. आमच्या होडीत एका खेपेला वीस-पंचवीस गोण्या जातात, त्याही वर ताडपत्री घालून आणि भरती असेल तेव्हाच. ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून होडीत, होडीतून जेटीवर, जेटीवरून डोकीने वर, म्हणजे एकच गोणी चारदा उचलायची. वाळू, खडी, चिरे यांचंही तेच. ठेकेदाराने हिशेब केला आणि निविदा भरलीच नाही. दुसऱ्यांदा काढली तेव्हाही कोणी आलं नाही. मार्च संपला, निधी परत गेला. शेरा काय पडला? 'प्रतिसाद नाही.' जणू आम्हीच हाकेला ओ दिली नाही.

मग सल्ला आला, प्रेत पलीकडच्या स्मशानात न्या. ज्याने दिला त्याने तिरडी कधी होडीत ठेवली नसावी. होडी रुंदीला चार-साडेचार फूट, तिरडी सात फूट. ती होडीच्या लांबीतच ठेवावी लागते, फळ्यांवरून. मग माणसं बसणार पाच-सहा. बाकीचं गाव या काठावर हात जोडून उभं. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना तर पलीकडे नेताच येत नाही. ओहोटी असेल तर पलीकडच्या धक्क्याअलीकडे शे-दीडशे फूट चिखल, चार खांदेकरी गुडघ्यापर्यंत रुततात आणि तिरडी एका अंगाला जाते. बेट सोडून जायचं ते मोठ्या माणसांनी. जंजिऱ्याच्या सिद्दींची थडगी खोकरीला, खाडीपार. खांदेरीला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं, समाधी अलिबागेत. आमची माणसं जुव्यावर जन्मली, इथेच राबली, त्यांना इथेच अग्नी मिळावा एवढीच मागणी आहे.

आता कागदाचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत फुकट. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवसांच्या पुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. कायदा १९६९ चा, दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू. तक्रार कायद्याबद्दल नाही. पण तेरावं होईपर्यंत घरातलं माणूस उंबरा ओलांडत नाही, म्हणजे २१ मधले १३ गेले, उरले आठ. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली, फेऱ्या नाही वाढल्या) आठवड्यातून एकदा येतात. त्या दिवशी वारा असला तर नाही. घरी मेलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून द्यायचं असतं, नमुना ४-अ. डॉक्टर पलीकडे, त्याने माणसाला पाहिलेलं नाही, तो का सही करेल? मग कारणाच्या रकान्यात 'वृद्धापकाळ'. पन्नाशीतला माणूस सर्पदंशाने गेला तरी वृद्धापकाळ. उद्या तुम्ही विधानसभेत सांगणार की बेटांवर सर्पदंशाने कोणी मरत नाही, सबब सर्पदंशाची लस बेटावर ठेवण्याची गरज नाही.

आणि जे समुद्रातून परत आलेच नाहीत त्यांचं काय? देह नाही, मग दाखला नाही. सात वर्षं कोणी पाहिलं-ऐकलं नाही तर मेला असं धरतात. पूर्वी साक्ष अधिनियमाचं कलम १०८ होतं, आता नव्यात १११. शास्त्र तर बारा वर्षं थांबायला सांगतं. त्यानंतर पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. शास्त्राला घाई नाही, त्याला बँकेचे हप्ते भरायचे नसतात. पण सात वर्षं घरधनीण ना सधवा ना विधवा. निराधार योजनेचा अर्ज करायला गेली तर दाखला आणा. मच्छीमारांच्या अपघात विम्याचे ५ लाख मागायला गेली तर दाखला आणा. नौका नवऱ्याच्या नावावर, ती विकताही येत नाही. नवमीला तिच्या सासूचं पान वाढायचं, पण नवऱ्याचा म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) घालायचा की नाही हे भटजीही सांगत नाहीत, तलाठीही सांगत नाहीत. वाट निघते, मनात असलं तर. उत्तराखंडात २०२१ साली चमोलीचा पूर आला तेव्हा सात वर्षं न थांबता चौकशी करून, यादी प्रसिद्ध करून, हरकती मागवून बेपत्ता लोकांचे मृत्यू नोंदले. म्हणजे एकदम पुष्कळ माणसं गेली तर सरकारला कळतं. एका होडीतले दोघे गेले तर ते सात वर्षं बेपत्ता.

किनारा नियमनाचंही ऐकवलं गेलं. भरतीरेषेजवळ बांधकाम नको म्हणे. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीतल्या बेटांना ही मर्यादा २० मीटरवर आणली आहे. आमची जागा त्याच्या बाहेर आहे, आम्ही टेप लावून मोजली. पण सातबाऱ्यावर 'स्मशानभूमी' अशी नोंद नाही. पिढ्यान् पिढ्या गाव तिथे जळतंय, सातबाऱ्याला पत्ता नाही. तलाठी म्हणतात ठराव आणा, ठराव दिला तर म्हणतात मोजणी आणा, मोजणीवाले म्हणतात आमच्या माणसाला पोहता येत नाही. हा विनोद नाही. लाइफजॅकेट आम्हीच देऊ केलं होतं.

आणि मतदानाला? मतदान यंत्र आदल्या दिवशी दुपारीच येतं. स्वतंत्र होडी, नव्या कोऱ्या लाइफजॅकेट, पोलीस, आणि साहेबांच्या हातात भरती-ओहोटीचा छापील तक्ता! त्या दिवशी प्रशासनाला खाडी मिनिटामिनिटाने पाठ असते.

मोठं काही करताच येत नाही असंही नाही. घारापुरीला साडेसात किलोमीटरची केबल समुद्राच्या तळातून टाकून २०१८ च्या फेब्रुवारीत वीज नेली. उशीर झाला, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली, पण नेली. आणि स्मारकांचंच म्हणाल तर २४ डिसेंबर २०१६ ला अरबी समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. ३,६०० कोटींचा आकडा तेव्हा सगळीकडे छापून आला होता. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात काम थांबलं. महाराजांबद्दल आमच्या मनात काय आहे ते आम्हाला कोणी शिकवू नये. त्यांचं आरमार आमच्याच वाडवडिलांनी वल्हवलं. पण हिशेब होतोच. आमची शेड दहा लाखांची धरा. ३,६०० कोटींत छत्तीस हजार शेडी होतात. राज्यात ग्रामपंचायती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. प्रत्येकीला एक देऊन आठ हजार उरतील, त्या आमदारांना वाटा. सिंधुदुर्ग किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात उमटलेला आहे. तिथे कोणी कोटी ओतले नाहीत. दोन ठशांवर दोन लहान घुमट्या बांधल्या आणि दर्याच्या पावसातही ते ठसे राहिले. आम्हीही घुमटीच मागतोय, जरा उंच.

आमच्याकडे मेलेल्यांची आठवण ठेवायला वेगळं काही नसतं. दगड नाही, कोरलेलं नाव नाही. भाद्रपदात म्हाळ घालायचा, वडे-खीर-काळ्या वाटाण्याचं सांबारं रांधायचं, वाडी, म्हणजे पितरांचा नैवेद्य, दाखवायची आणि तीन पिढ्यांची नावं घ्यायची. बाप, आजा, पणजा. चौथ्याचं नाव कोणाला येत नाही. त्यासाठी मुंबईहून पोरं येतात, रात्रीच्या गाडीने. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे साधा हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाच्या सुमारास भरती. सर्वपित्री अमावास्या, पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, बरोबर पोरं धक्क्यावर उतरतात तेव्हा. जेटी ओहोटीच्या पाण्यापर्यंत नेलेली नाही, तीस-चाळीस मीटर कमी पडते. पाणी चढेपर्यंत, नऊ-दहा वाजेपर्यंत, ती पलीकडे बसून राहतात, पिशव्या मांडीवर घेऊन. वाडी दुपारी दाखवायची असते म्हणून तरी जमतं.

मागण्या थोडक्यात. दरसूचीत बेटांसाठी होडीची वाहतूक धरा आणि निविदा ऑक्टोबरात काढा, फेब्रुवारीत नको. सांगाडा शेडची वाट न पाहता आधी पाठवा, तो एका खेपेत येतो. मृत्यूची नोंद पंधरवड्यातून एकदा तरी जुव्यावरच घ्या, शिक्का-वही घेऊन. बेपत्ता मच्छीमारांसाठी चमोलीसारखी पद्धत इथेही लावा.

उत्तर पाठवू नये, उत्तरं आमच्याकडे फाइलभर आहेत. यावं. सर्वपित्रीला आलात तर उत्तम, पान वाढू. दहा ते एकच्या मध्ये होडी थेट जेटीला लागते. कोनशिला बघायची असेल तर आधी सांगा, भोवतीचं गवत काढून ठेवतो. आणि भाषण लांबवू नका, एकनंतर जेटीचं पाणी उतरलेलं असतं आणि पाचच्या होडीला तुम्हालाही चिखलातूनच जावं लागेल.

आपले,
एका जुव्यावरचे ग्रामस्थ