पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र: गुंड्या दुपारी दीड वाजता आजारी पडला, एवढंच त्याचं चुकलं

मा. पशुसंवर्धनमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या व्यग्र कार्यक्रमातून पाच मिनिटं काढून आपण हे वाचावं, अशी विनंती. गेल्या उन्हाळ्यात आपण जाहीर सभेत तीन गोष्टी कबूल केल्या होत्या: मुक्या प्राण्यांसाठी रस्तोरस्ती पाणवठे, दिवसरात्र चालणारी हेल्पलाइन आणि उन्हाळ्यात दुपारीही उघडे राहणारे पशुदवाखाने. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवल्या होत्या. त्या परत मिळण्याची काही सोय असेल तर कळवावं.

मागच्या मंगळवारी बारा वाजता आमची वीज गेली. (ते खातं आपलं नाही, ठाऊक आहे. कुठलंच खातं ऐन वेळी कुणाचं नसतं.) मी बाहेर गेले होते, खिडक्या लावून आणि पंखा सुरू ठेवून. खिडक्या लावल्या हा माझा दोष, तो आधीच लिहून टाकते, म्हणजे आपल्या सचिवांना शोधावा लागणार नाही. घरात गुंड्या आणि माऊ. गुंड्या सात वर्षांचा पग जातीचा कुत्रा, बसक्या नाकाचा, झोपेत घोरणारा.

दीड वाजता दार उघडलं तर हा मोरीच्या फरशीला पोट चिकटवून पडलेला. जीभ नेहमीच्या दुप्पट रुंद, कडा वर वळलेल्या. लाळ पातळ नाही, डिंकासारखी, तोंडापासून फरशीपर्यंत तार धरलेली. हिरड्या लालभडक. मला बघून उठायला गेला तर मागचे पाय दोन दिशांना घसरले. शेपूट मात्र हलवली, दोनदा. थर्मामीटर लावला: 41.6 अंश सेल्सिअस. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, 38 ते 39 च्या आसपास असतं, पण 41 च्या वर गेलं की आतले अवयव भाजायला लागतात.

हेल्पलाइन लावली. गाय-म्हशीसाठी 1 दाबा, शेळी-मेंढीसाठी 2, कोंबड्यांसाठी 3, इतरांसाठी 4. मी ‘इतर’ दाबलं. नऊ मिनिटं संगीत ऐकलं. मग एका मुलानं विचारलं, “जनावर दुभतं आहे का?” म्हटलं, बाबा, कुत्रा आहे, त्याला ऊन लागलंय. “ताप किती?” सांगितला. “मग पॅरासिटामॉल देऊन बघा ना.”

मंत्रिमहोदय, ऊन लागणं म्हणजे ताप नव्हे. तापात शरीर स्वतःच आपला पारा चढवतं. ऊन लागतं तेव्हा बाहेरून शिरलेली उष्णता त्याला बाहेर काढता येत नाही. गोळीचा तिथं काडीचा उपयोग नाही. आणि हाच सल्ला कुणी मांजरीसाठी पाळला तर पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील तिचा जीव घ्यायला पुरेशी आहे. हे मला माहीत आहे, मी साधी निवृत्त मास्तरीण. तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाला माहीत नाही. मी त्याला बोल लावत नाही, त्याच्या हातात कुणीतरी गाय-म्हशीचा कागद देऊन त्याला खुर्चीत बसवलंय.

दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर. ओल्या टॉवेलात गुंडाळून नेला. दाराला कुलूप, वर पाटी: सकाळी 8 ते 12, दुपारी 4 ते 6. जनावराला ऊन लागणार बारा ते चार आणि दवाखाना बंद राहणार बारा ते चार! ही वेळ ज्यानं ठरवली, त्याला मला एकदा भेटायचं आहे. सावलीत बसूनच ठरवली असणार.

शेवटी खासगी डॉक्टरांनी दार उघडलं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझा तो ओला टॉवेल काढून फेकला. म्हणाले, ओलं फडकं अंगावर तसंच राहिलं की तेच गरम होतं आणि आतली उष्णता कोंडून धरतं. घरीच नळाच्या पाण्यानं पूर्ण भिजवायचा होता, पोट, काखा, मांड्या, आणि ओल्या अंगावर वारा घालायचा. वीज नसेल तर पुठ्ठ्यानं. बर्फ शोधत बसायचं नाही, अंगापेक्षा गार असलेलं कुठलंही पाणी चालतं. आधी गार करायचं, मग हलवायचं. नऊ मिनिटं मी संगीत ऐकत होते, महोदय. हे एक वाक्य त्या संगीताच्या जागी वाजवता आलं नसतं का?

नुसता पंखा असता तरी त्याचं फारसं भलं झालं नसतं म्हणे. आपल्याला पंखा गार वाटतो तो घाम सुकतो म्हणून. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, नावापुरता. त्याचा सगळा भरवसा धापा टाकण्यावर, आणि हवा दमट असली की धापही निकामी. त्यात पगचं नाक म्हणजे बुजलेलं धुराडं.

संध्याकाळी गुंड्याचा पारा उतरला, पाणी प्यायला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडली. उन्हाचा मार असाच असतो, वरून थंड झालेलं जनावर आतून दोन-तीन दिवसांनी ढासळतं. शुक्रवारी पहाटे गेला.

आता तुम्ही म्हणाल, बाईंचं दुःख समजतो, पण खात्याचं काम सुरू आहे. सुरू आहेच की! या महिन्यातच तुम्ही ‘श्वानप्रेमी दौड’ला झेंडा दाखवलात. सकाळी 11 वाजता, डांबरी रस्त्यावर. हवा 31 अंशांवर असते तेव्हा भर उन्हातलं डांबर 60 च्या पुढे जातं. हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद ठेवून बघायची, सहन होत नसेल तर पंजांनाही होत नाही. तुम्ही बूट घालून होतात, तेही मांडवाखाली. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा उन्हानं आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी चारातली जवळजवळ तीन फिरण्या-धावण्यातून आजारी पडलेली निघाली. म्हणजे प्राण्यांच्या नावानं जो सोहळा केलात, तोच त्यांना आजारी पाडण्याचा सगळ्यात हमखास उपाय.

तिथंच एका बंद गाडीत पिल्लू धापा टाकत होतं. काच दोन बोटं उघडी. बंदोबस्तातला माणूस म्हणाला, “हवा जातेय की!” बाहेर 24 अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत 34 वर जाते, अर्ध्या तासात 40 ओलांडते, आणि दोन बोटं काचेनं फारसा फरक पडत नाही. शेजारीच तुमची गाडी रिकामी उभी होती, इंजिन आणि एसी सुरू ठेवून. रिकामी सीट गार राहिली पाहिजे, बरोबर आहे.

मांजरांचं तर कुणी नावच काढत नाही. मांजर कुरकुरत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं, म्हणून तिला काही होत नाही असा सरकारी समज दिसतो. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली की वेळ हातातून निघाली समजायचं. आमची माऊ पांढरी आहे. पांढऱ्या मांजरांचे कान आणि नाक उन्हानं करपतात, पुढं तिथंच कॅन्सर होऊ शकतो. हेल्पलाइनवर ती चार नंबरच्या ‘इतर’मध्ये. या राज्यकारभारात आपण सगळेच चार नंबरचे ‘इतर’ आहोत, हे मला या वयात कळलं. दूध देत नाही, मत देते, तेही पाच वर्षांतून एकदा.

पाणवठे पाचशे बसवले, असं तुम्ही म्हणता. मी दोन दिवस फिरले, मला सहा सापडले, त्यातले चार तुमच्या बंगल्याच्या रस्त्यावर. ते चार मोजणीत सव्वाशे वेळा धरले असतील तर हिशेब बहुधा जुळेल. आमच्या चौकातल्या सिमेंटच्या टाकीत दुपारी बोट घातलं आणि लगेच काढलं. पाणी अंघोळीला चाललं असतं. टाकी भर उन्हात, कारण सावली देणारं झाड ती बसवण्यासाठी तोडलं. असं करायला बुद्धी लागते!

मागण्या थोड्या आहेत. दवाखाने दुपारी उघडे ठेवा, फार तर सकाळी उशिरा उघडा. हेल्पलाइनवर पहिलं वाक्य ‘आधी भिजवा’ हे असू द्या. दौड सूर्योदयाला घ्या, नाहीतर घेऊच नका.

टाकीमागचा तुमचा फोटो असलेला फलक मात्र काढू नका. दोन ते चार त्याच्या सावलीत चौकातली तीन कुत्री झोपतात, तुमच्या योजनेतली तेवढीच गोष्ट मी चालू असलेली पाहिली. चारनंतर सावली रस्त्यावर सरकते आणि कुत्रीही तिच्यामागे रस्त्यावर जातात. फलक हातभर मागे घेता आला तर बघावं.

आपली,
चार नंबरच्या ‘इतर’मधली एक