अफवा नेमकी त्यांनाच का चिकटते?

मा. संपादक,
स. न.

मे २०१८ मध्ये हैदराबादच्या चांद्रायणगुट्टा भागात, मुले पळवायला आल्याच्या संशयावरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव घेतला. पाचच आठवड्यांनी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात त्याच अफवेने भटक्या समाजातील पाच जण मारले गेले. दोन्ही वेळा खापर व्हॉट्सॲपवर फुटले. परंतु अफवा कोणाला चिकटायची हे मोबाइल ठरवत नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा पहिला भाग सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी होता, तर दुसऱ्या भागात मुले पळवण्याचा किंवा खच्ची करण्याचा संशय असलेल्या हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. निजामाच्या राज्यानेही १९१९ मध्ये तसाच कायदा केला आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला थेट जुलै २०२३ मध्ये. म्हणजे चांद्रायणगुट्ट्यात जमाव जमला, तेव्हा जमावाच्या मनातला संशय कायद्याच्या पुस्तकातही शाबूत होता!

माझे दुकान सोलापूरच्या बाजारात आहे. दुकान मागायला, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागायला, येणाऱ्या तृतीयपंथीयांना मी वर्षानुवर्षे ओळखतो. मुले पळवणाऱ्यांची आवई उठली की त्या कित्येक दिवस फिरकत नाहीत आणि आल्या तरी चौघी-पाचजणी मिळून येतात, कारण एकटीने बाहेर पडायचे नाही असे गुरूने चेल्यांना बजावलेले असते. मार कोणा एकीला बसतो, पण पोट साऱ्या डेऱ्याचे, म्हणजे गुरू आणि चेल्यांच्या एकत्र घराचे, मारले जाते. तक्रार देण्याचा विषय काढला, तर ‘तू तिथे कशाला गेली होतीस?’ हा पोलिसांचा पहिला प्रश्न त्यांना पाठ आहे.

कायद्याचा धाक तरी किती असावा? स्त्रीवरील बलात्काराला किमान १० वर्षांची शिक्षा असताना, २०१९ च्या तृतीयपंथी संरक्षण कायद्याने मारहाण आणि लैंगिक अत्याचार एकाच कलमात बसवून ६ महिने ते २ वर्षे एवढीच शिक्षा सांगितली. शिवाय तृतीयपंथीयांच्या द्वेषापोटी केलेला गुन्हा अशी स्पष्ट वेगळी नोंद आपल्या फौजदारी कायद्यात होत नाही, त्यामुळे खटला उभा राहिला तरी हल्ल्यामागचे कारण कागदावर येतेच असे नाही.

या कायद्याखालील २०२० च्या नियमांनुसार अशा गुन्ह्यांवर देखरेख ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत संरक्षण कक्ष असायला हवा. आपल्या जिल्ह्यातील कक्षाकडे आजवर किती तक्रारी आल्या व त्यांचे पुढे काय झाले, हे प्रशासनाने जाहीर करावे आणि आपल्या वृत्तपत्राने ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक दुकानदार, सोलापूर