ग्रिलला जाळी चालेल, रेक्झिन नको

संपादक महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी जांबोटी-चोर्ला रस्त्याला गाडी काढली की किडे-पाखरं पुढच्या ग्रिलमधून थेट इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरवर जाऊन चिकटतात. तयार कव्हर परवडेना, म्हणून मी आधी जुनं रेक्झिन बांधलं. फुकटात काम झालं खरं, पण वारा अडला आणि घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला. आता खिडकीच्या मच्छरजाळीचा उरलेला तुकडा केबल टायने आवळलाय. फायबरची जाळी गंजत नाही. साधी लोखंडी आमच्या पावसात लगेच तांबडी पडते. फक्त फायबरची जाळी ब्रशने झाडत राहावी लागते, नाहीतर चिखल बसून तिचंही रेक्झिनच होतं. बायको म्हणते, घरात डास आणि गाडीला जाळी!

— एक टॅक्सीचालक, खानापूर